खळ्याला छप्पर



गेल्या आठवड्यात आमच्या घरी दोन दिवस कुणाच्या घशाखाली नीट घास उतरला नाही. म्हैस दगावली नाही की पीक गेलं नाही. देवाच्या दयेनं सोयाबीन शेंगेला लागलंय. गेली ती नातीची कबड्डी. नात नववीत शिकते. तालुक्याच्या शालेय सामन्यांत तिचा संघ दोन सामने जिंकून शेवटच्या सामन्याला उभा राहिला, आणि नेमकं तेव्हाच आभाळ फाटलं.

मैदान आपल्या काळ्या रानाचंच. काळ्या मातीचा गुण तुम्हाला मी काय सांगू? एक सर पडली की चिखल पायाला असा धरतो की बैलाचा खूर निघत नाही, तिथं पोरींनी चढाई करायची कशी? दोन तास वाट पाहिली. दिवस मावळतीला लागला. लांबच्या गावच्या पोरींना शेवटची गाडी गाठायची होती. शेवटी खिशातून नाणं काढलं आणि उडवलं. आमच्या पोरींनी छापा मागितला, पडला काटा. समोरचा संघ जिल्ह्याला गेला.

चाकूरहून परत येताना जीपमध्ये नात माझ्या शेजारी बसली होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "आजोबा, आम्ही हरलो नाही, नाणं हरलं."

मी ज्यांच्या हातात नाणं होतं त्यांना दोष देत नाही. त्यांनी तरी काय करावं? पावसाला थांबवणारा पंच अजून जन्माला यायचाय. पण हा प्रश्न एका घराचा नाही, म्हणून आजचा हा कागद त्याच्यावर खर्च करतो.

शाळांचे तालुक्याचे सामने बहुतेक श्रावण-भाद्रपदात येतात. कारण सरळ आहे. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य, एवढ्या पायऱ्या चढून परीक्षांच्या आत सगळं उरकायचं असतं. म्हणजे खालची पायरी, जिथं आपली गावाकडची पोरं असतात, ती ऐन पावसात. वरच्या पायऱ्या कोरड्या दिवसांत आणि बऱ्याच ठिकाणी छपराखाली. ज्याच्या अंगावर पाऊस पडतो तो आपणच.

आणि हे नुसत्या कप-ढालीचं नाही हो. जिल्ह्याला, राज्याला खेळलेल्या पोरांना दहावी-बारावीला जादा गुण मिळतात. पुढं राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के जागा राखीव आहेत. तीन एकर कोरडवाहू रानाच्या घरात ही गोष्ट लहान नाही. एका नाण्यावर हे सगळं टांगलेलं होतं.

मागं एका वाचकानं मला पत्रात विचारलं होतं, शहरात कोटी कोटी रुपये घालून बंदिस्त मैदानं बांधतात, हे थेर कशाला? तेव्हा मी त्यांच्याच बाजूनं डोलवली होती. आज मान थोडी अडखळते.

बंदिस्त मैदान म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. आपलं खळं आठवा. पूर्वी सुगीला जमीन चोपून, शेणानं सारवून खळं करायचो. त्यात ज्वारीची मळणी व्हायची, वारं देऊन रास लागायची. रास घरी गेली की त्याच खळ्यात रात्री भजन रंगायचं, पोरं हुतूतू खेळायची, पाहुणे आले तर तिथंच अंथरूण पडायचं. एकच जागा, कामं चार. शहरातलं बहुउद्देशीय क्रीडागृह म्हणजे छप्पर घातलेलं खळं. फरक एकच, खळ्याच्या मधोमध तिवडा असायचा आणि बैल त्याच्याभोवती फिरायचे. इथं मधे तिवडा चालत नाही. सगळी करामत त्यातच आहे. ४० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद जागेवर मधे एकही खांब न देता छप्पर तोलायचं, म्हणजे लोखंडी कैच्या एका भिंतीवरून दुसरीवर टाकायच्या आणि सगळा भार कडेच्या खांबांवर घ्यायचा. उंचीही हवी. व्हॉलीबॉलला मैदानावर निदान ७ मीटर मोकळी जागा लागते, नाहीतर चेंडू कैचीला लागून परत येणार.

आत जमिनीवर काय, हा दुसरा प्रश्न. आज वरच्या पातळीवरची कबड्डी मातीवर होत नाही, मॅटवर होते. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. बायकांचं १२ बाय ८. रबरासारखे चौकोनी तुकडे एकमेकांत अडकवून ते अंथरतात आणि पायात बूट घालून खेळतात. जी पोर आयुष्यभर अनवाणी मातीत खेळली, ती जिल्ह्याला जाऊन पहिल्यांदा मॅटवर उभी राहिली की तिचा पायच बसत नाही. माती पायाखाली सरकते, मॅट धरून ठेवते. वळताना गुडघा मुरगळतो. अंगात खेळ असून पोरी पहिल्याच फेरीत बाहेर पडतात, ते यामुळं.

कुस्तीचं तसंच. आपल्या लातूर जिल्ह्याचे, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, आणि ते मैदान लातूरलाच भरलं होतं. पुढच्याच वर्षी, १९७० साली, एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक आणलं. तिथली कुस्ती मातीवर नव्हे, गादीवर. मातीतल्या मल्लानं गादी जिंकली, हे त्यांचं मोठेपण. पण दर पोराकडं बिराजदारांची छाती असेल असं धरून चालता येत नाही. बाकीच्यांना गादी अगोदर अंगाखाली मिळाली पाहिजे.

आता अगदी अलीकडचं बघा. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या पुरुषांनी आणि बायकांनी, दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. बायकांच्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची आपल्या मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्याची. खो-खो, ज्याला आपण शाळेच्या अंगणातला खेळ समजायचो, तो छपराखाली, दिव्यांच्या उजेडात, जगापुढं गेला. कबड्डीही तशीच. २०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली ती मुंबईत वरळीच्या एनएससीआयच्या घुमटाखाली. नात तो खेळ टीव्हीवर बघते आणि दुसऱ्या दिवशी चिखलात सराव करते.

मग आपल्याकडं असं छप्पर का नसावं? थांबा, एवढ्यात उड्या मारू नका. शहरांनी काय केलं ते आधी पाहू.

पुण्यात स्वारगेटजवळ, नेहरू स्टेडियमच्या बाजूला महानगरपालिकेचा गणेश कला क्रीडा रंगमंच आहे. नावातच कलाही आहे आणि क्रीडाही. पण त्याची ओळख झाली ती पुणे फेस्टिव्हलच्या कार्यक्रमांनी, मेळाव्यांनी आणि सभांनी. मुंबईत अंधेरीला महापालिकेचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आहे. त्याचं नाव जगभर गेलं ते १९९६ साली मायकल जॅक्सन तिथल्या मोकळ्या मैदानावर नाचून गेला तेव्हा. मी त्यांना नावं ठेवत नाही. शहराला गाणंही लागतं, सभाही लागते. पण खेळणाऱ्याकडून पैसा येत नाही आणि मांडववाल्याकडून येतो, हा व्यवहार एकदा कुलपात शिरला की खेळाडू पायरीवर बसतो. हे पुण्या-मुंबईपेक्षा लहान गावात जास्त होतं.

दूर अमेरिकेत सिएटल नावाचं शहर आहे. तिथं १९६२ साली जागतिक प्रदर्शनासाठी एक मोठी इमारत उभी केली. मालकी अजूनही शहराची. काही वर्षांपूर्वी ती जुनी पडली. पाडावी तर जुनं छप्पर जपण्यासारखं, वजन सुमारे २० हजार टन. त्यांनी काय करावं? छप्पर तात्पुरत्या आधारांवर तोलून धरलं आणि खाली खोदत गेले, जणू वर मोट तशीच ठेवून विहीर खोल करावी. २०२१ च्या ऑक्टोबरात नवं क्रीडागृह उघडलं. १०० कोटी डॉलरच्या वर खर्च आला, तो खाजगी कंपनीनं घातला. बदल्यात शहरानं तिला ते दीर्घ मुदतीनं चालवायला दिलं. नाव ठेवायचा हक्क तिसऱ्याच कंपनीनं विकत घेतला. म्हणजे बघा, सातबारा शहराचा, कसणारा बटईदार, आणि बांधावर पाटी तिसऱ्याची. आपल्याला हा व्यवहार नवा नाही. बटई चांगली की वाईट हे शेवटी कागदावर काय लिहिलंय त्यावर ठरतं, हेही आपल्याला ठाऊक आहे.

तिथं एका आठवड्यात बर्फावरची हॉकी होते, बायकांचा बास्केटबॉल होतो, गाण्याचे जलसे होतात. असल्या जागी जमिनीखाली नळ्यांतून न गोठणारं गार द्रव खेळवून वर बर्फ धरतात. हॉकी संपली की बर्फ न वितळवता त्यावर फळ्या टाकतात, फळ्यांवर लाकडी मैदान जोडतात, आणि सकाळपर्यंत दुसरा खेळ तयार. आपण खळं सारवून घ्यायचो, ते लोक खळं पालटून घेतात.

पण मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते वेगळंच. तो बर्फ पावसाच्या पाण्याचा करतात. छपरावरचं पाणी जमिनीखालच्या सुमारे ५७ हजार लिटरच्या टाकीत धरतात आणि तेच गोठवतात. वाचल्याबरोबर मला आपली जलदूत आठवली. २०१६ च्या एप्रिलात लातूरला पाणी नव्हतं म्हणून मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला १० डबे होते, त्यात ५ लाख लिटर पाणी. सिएटलवाल्यांची टाकी म्हणजे जलदूतचा एक डबा आणि वर थोडं.

आता पाटी-पेन्सिल घ्या. घरात नववी-दहावीचं पोर असेल तर त्याला सांगा, बिनचूक करील. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. ४० बाय २५ मीटरचं आपलं छप्पर म्हणजे १,००० चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरा. पाणी झालं ७ लाख लिटर. त्यातलं पाचवा हिस्सा उडालं, सांडलं, पहिल्या पावसाच्या घाणीबरोबर सोडून दिलं, तरी ५ लाख ६० हजार उरतं. जलदूतची ती पहिली अख्खी गाडी! एका छपरावर, दरसाल, मिरजेला न जाता. मी हा हिशेब दोनदा केला, मग नातीकडून करून घेतला. ती म्हणाली, बरोबर आहे. म्हणून मी म्हणतो, असं छप्पर कुठंही उठत असेल तर पन्हळ आणि टाकी नकाशात आधी दाखवा, रंगमंच मागनं. पाणी टाकीत मावेल तेवढं वापरा, उरलेलं जवळच्या बोअरजवळ खड्डा घेऊन मुरवा.

छपराचं आणखी एक काम असतं, ते कुणी बोलत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदांनी माणसं गाडली. जी वाचली ती उघड्यावर, वरून पाऊस. हलक्या लोखंडी छपराची, भूकंपाचा हिशेब धरून बांधलेली मोठी जागा अशा वेळी देवळाएवढी मोलाची. २०२० साली कोरोनात वरळीच्या त्याच घुमटाखाली मुंबई महापालिकेनं रुग्णांच्या खाटा टाकल्या होत्या, जिथं कबड्डी सुरू झाली होती तिथंच. पण नुसतं छप्पर पुरत नाही. २००५ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला वादळ आलं तेव्हा हजारो माणसं तिथल्या प्रचंड क्रीडागृहात आसऱ्याला गेली. वाऱ्यानं छपराचा पापुद्रा निघाला, वीज गेली, संडास तुंबले. आसरा होता, पण माणसांचे हाल कुत्र्यानं खाल्ले नाहीत.

संडासाचं निघालं म्हणून सांगतो. हे मला सुचलं नव्हतं, सुनेनं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मामंजी, तुम्ही कैच्या मोजताय. पोरींना कपडे बदलायला खोली आहे का, ते आधी बघा." तिचं ऐकून मी गप्प झालो. तीही शाळेत असताना धावायची. तालुक्याला गेल्यावर दिवसभर पाणी प्यायची नाही, कारण जायला जागा नव्हती. दहावीला तिनं खेळ सोडला. घरचे म्हणाले, पोरीला नाद राहिला नाही. नाद होता हो, दार नव्हतं. कडी लागणारं एक दार, आत नळाला पाणी आणि दिवा. कोटींच्या कामात याला किती लागतं?

राज्यानं २००१ च्या क्रीडा धोरणात विभाग, जिल्हा आणि तालुका अशी क्रीडा संकुलं करायचं ठरवलं. कुठं ती चांगली उभी राहिली, कुठं भिंती उभ्या राहून छपराची वाट बघतात, कुठं सगळं आहे आणि कुलूप आहे. कुलपाचं कारण विचारा, वीजबिल निघेल. आपल्याला मोटारीचा अनुभव आहेच: चालवा नाहीतर बंद ठेवा, स्थिर आकार येतच राहतो. बांधायला निधी येतो, झाडायला येत नाही. म्हणून असली इमारत लग्नाला द्यावीच लागते, हे मी मान्य करतो. रागवू नका.

पण इथं आपलं पंचांग कामाला येतं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय आपल्यात मांडव पडत नाहीत. आणि शाळांचे सामने नेमके त्याच महिन्यांत! म्हणजे मांडवाची आणि मैदानाची भांडणं मुळात फार नाहीतच. पावसाळाभर छप्पर पोरांचं. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत तिथींना लग्नं होऊ द्या, भाडं घ्या, त्यातून वीज भरा. बाकीच्या दिवशी, अगदी लग्नाच्या दिवशीसुद्धा, पहाटे पाच ते आठ सराव. नवरदेव काही आठच्या आत येत नाही, हे तुम्ही मी जाणतोच. मॅटचे तुकडे उचलून कोठीत ठेवता येतात. त्यांच्यावर पंगत बसवायची नाही. एकदा का रबरावर वरणाचं तेल सांडलं की पुढं पोरीचा पाय घसरलाच. चूल आणि कढई छपराबाहेर, खुर्च्यांच्या पायांना रबर. आणि नोंदवही दारावर टांगलेली, कुणाही गावकऱ्यानं उलटून बघावी अशी: कोणत्या दिवशी कोण, किती भाडं, किती वाजता उघडलं. ज्या जागेची वही कपाटात असते, तिची चावी बहुधा एकाच घरात असते.

आपल्यातले काही म्हणतील, रानाला पाणी नाही आणि हा म्हातारा कबड्डीला छप्पर मागतो. त्यांचं चूक नाही. मला कुणी विचारलं, शिवारातला बंधारा आधी की क्रीडागृह आधी, तर मी बंधारा म्हणेन, आणि नातीसमोर म्हणेन. पण कोटींचं क्रीडागृह आणि काहीच नाही, यांच्यामधे बरंच काही बसतं. ४० मीटरचं नको, २० बाय १५ चं उंच पत्र्याचं शेड, बाजू मोकळ्या, वर उजेडाला पारदर्शक पत्रे, खाली कबड्डीची एक मॅट, कडी लागणारं दार असलेल्या दोन खोल्या. उन्हाळ्यात पत्रा तापतो, म्हणून माथ्यावरून गरम हवा निघायला फट ठेवायची. एवढ्यात तालुक्याचा सामना पावसात होऊ शकतो. नाणं खिशातच राहतं.

सध्या काय करतो ते सांगून थांबतो. शेजारच्या गावच्या एका अडत्यानं त्याचं धान्याचं शेड पोरींना पहाटेला उघडून दिलंय. खाली फरशी आहे, ती लागते, म्हणून गोणपाटाच्या तीन थरांवर ताडपत्री ताणून खुंटीला बांधली. मॅट नव्हे ते, पण पाय कोरडे राहतात. पोरी अकरा आहेत. एक बाई रोज कुणीतरी सोबत बसते. काल सून बसली होती, आणि मला कळलं की ती नुसती बसली नाही. सतरा वर्षांखालच्या गटात नातीला अजून एक वर्ष आहे.

सोयाबीनची आवक सुरू झाली की शेड पोत्यांनी भरणार. तोवर तीन आठवडे आहेत. तुमच्या तालुक्यात छप्पर असेल तर मला कार्ड टाका, आणि चावी कुणाकडं असते तेवढं त्यात लिहा.